घरचे सगळे कागद मीच सांभाळते, पण नागपूरला शिकायला जाण्याची परवानगी मिळत नाही

बांधीवरची

नमस्कार. मी सतरा वर्षांची असून मौदा तालुक्यातील एका गावात राहते आणि बारावी विज्ञान शाखेत शिकते. आमच्या वस्तीला आजूबाजूचे लोक ‘कॅम्प’ म्हणतात. माझे आईवडील, म्हणजे घरच्या भाषेत अम्मा आणि नान्ना, लग्नानंतर गुंटूर जिल्ह्यातून इकडे आले, कारण तिकडची थोडी जमीन विकून इकडे पेंचच्या कालव्याखालची चार एकर घेता येत होती. ती चार एकर नान्नांच्या नावावर आहे, बाकीची शेती ते दरवर्षी ठेक्याने करतात. मुख्य पीक धान, आणि एका तुकड्यात मिरची. माझा धाकटा भाऊ नववीत आहे. आम्ही घरात तेलुगू बोलतो. मला ती भाषा बोलता येते, लिहिता-वाचता येत नाही, कारण माझी शाळा पहिलीपासून मराठीच होती.

नान्नांना मजुरांशी आणि बाजारात बोलण्यापुरती मराठी येते, पण कागदावरची मराठी वाचता येत नाही, आणि एखाद्या साहेबासमोर उभे राहिले की येत असलेलीही तोंडातून निघत नाही. त्यामुळे मी शाळेत होते तेव्हापासून तलाठ्याकडचा फेरफार, बँकेतले पीककर्जाचे नूतनीकरण, सेतूतला उत्पन्नाचा दाखला, पंपाच्या बिलाची तक्रार, शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी, हे सगळे माझ्याकडे आलेले आहे. ई-पीक पाहणीच्या वेळी नान्ना मला फोन देतात, मी बांधीत उतरून धानाचा फोटो काढते, अ‍ॅपला जागा सापडेपर्यंत चिखलात उभी राहते, आणि धुऱ्यावर परत आले की तो फोन त्यांच्या खिशात जातो. रात्री अम्मा त्या फोनवरून कुणाला कॉल गेले ते तपासते.

मागच्या हंगामात एका कार्यालयात गेलो असताना टेबलावरच्या माणसाने नान्नांकडे न बघता मला सुनावले, की तुम्ही लोक बाहेरून येऊन जमिनी घेता आणि कागद मात्र एक धड आणत नाही. नान्नांनी मला विचारले, काय म्हणाले? मी तेलुगूत सांगितले की एक झेरॉक्स कमी पडते आहे. त्याच दिवशी परत येताना एसटीच्या थांब्यावर वर्गातल्या एका मुलाने प्रॅक्टिकलची वही कधी परत देशील एवढेच विचारले, आणि त्यावरून घरी इतका गहजब झाला की काही दिवस माझे कॉलेजला जाणे बंद होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरालाही मला पाठवले नाही.

मला एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन नागपूरच्या कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. कृषीला प्रवेश घ्यायचा आहे. नान्नांचे म्हणणे असे, की शिकायचेच असेल तर गुंटूरला मामाकडे राहून शिक, नाहीतर घरी राहून बाहेरून बी.ए. कर. मामाला मुलगा आहे. आमच्यात मामेभावाशी लग्न होते आणि त्यात कोणी काही वावगे मानत नाही. लग्नाची गोष्ट अजून कोणी उघड काढलेली नाही, परंतु मामाकडे राहायला जाण्याचा अर्थ मला कळतो. मला घरातून पळून जायचे नाही, भांडून तर मुळीच जायचे नाही. बँकेच्या कागदावर सही कुठे करायची हे ज्या मुलीला विचारतात, तिच्यावर वसतिगृहात राहण्यापुरता विश्वास का ठेवत नाहीत, एवढे मला त्यांना विचारायचे आहे; पण त्यांना ते उलट उत्तर वाटू नये अशा रीतीने कसे विचारावे हे सुचत नाही. कोणी यातून गेले असेल तर कृपया सांगावे.

वर्गशिक्षिका

मी याच भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे आधी प्रवेशाचे बोलते. तुझ्या वडिलांशी बोलण्यापूर्वी तुझी बाजू कागदावर किती पक्की आहे हे तुला माहीत असले पाहिजे.

दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेली असेल आणि तू महाराष्ट्रात जन्मलेली असशील किंवा तुझ्याकडे अधिवास प्रमाणपत्र असेल, तर प्रवेशाच्या वेळी तू महाराष्ट्राचीच उमेदवार धरली जातेस. तुझे वडील कोणत्या राज्यातून आले याचा तिथे संबंध येत नाही. मात्र शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ काय लिहिले आहे ते आजच बघ. तू थोरली आहेस, आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत तुमच्याकडेही असणार. दाखल्यावर गुंटूरकडचे गाव असेल तर अधिवास प्रमाणपत्र काढावे लागेल. त्यासाठी पहिलीपासूनच्या शाळेच्या नोंदी उपयोगी पडतात, पण तू अजून सज्ञान नाहीस, म्हणून तो अर्ज वडिलांच्या नावे आणि त्यांच्या स्वयंघोषणापत्रासह जाईल. त्यामुळे हा प्रवेश त्यांच्या नकळत करण्याची वाट मुळातच बंद आहे, आणि मला विचारशील तर ते बरेच आहे.

आता पैशाचे. मुलींचे व्यावसायिक शिक्षण मोफत झाले असे तू ऐकले असशील. 2024 सालचा तो निर्णय आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींसाठी आहे. बाहेरून आलेल्या कुटुंबाची गाडी इथे अडते, कारण इतर मागास प्रवर्गाच्या दाखल्यासाठी कुटुंब 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. तुमची जात इथल्या यादीत असली तरी तुम्हांला तो दाखला मिळणे अवघड आहे. म्हणून ‘फुकट शिक्षण आहे, जाऊ द्या’ असे घरी सांगू नकोस, नंतर तोंडघशी पडशील. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला मात्र जातीचा दाखला लागत नाही, अधिवास आणि उत्पन्नाचा लागतो. तुमची नावावरची जमीन दोन हेक्टरांच्या आत असल्यामुळे तहसीलमधून अल्पभूधारकाचा दाखला काढ, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठीही अर्ज करता येईल.

गुंटूरच्या पर्यायाबद्दल वडिलांना एक गोष्ट जरूर सांग. आंध्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या 85 टक्के जागा तिकडच्या स्थानिकांसाठी असतात, आणि स्थानिक कोण हे मुख्यतः शिक्षण कुठे झाले यावरून ठरते. तुझे सगळे शिक्षण इकडे झाले. ज्या राज्याला ते घर समजतात तिथे तू बाहेरची ठरशील, आणि ज्या राज्यात ते स्वतःला बाहेरचे समजतात तिथे तू घरची आहेस.

रोज ये-जा करण्याचा विचार घरी निघेल. मौदा ते नागपूर अंतर साधारण 35 किलोमीटर. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास बारावीपर्यंतच असतो, पुढे महिलांसाठीचे अर्धे तिकीट राहील. पण कृषीच्या अभ्यासक्रमात शेतावरची प्रात्यक्षिके भरपूर असतात आणि ती सकाळी लवकर लागतात. आतल्या गावातून पहिली एसटी किती वाजता निघते ते तुला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

डेल्टाकडचा

पोरी, मी तुझ्या नान्नांच्याच वाटेने आलेल्या घरातला माणूस आहे. लहान असताना वडिलांसोबत आलो, रामटेक तालुक्यात मराठी शाळेत शिकलो आणि तिथेच शेती करतो. माझीही मुलगी दहावीला आहे. इथे बहुतेक लोक तुझ्या बाजूने लिहितील, म्हणून मी तुझ्या नान्नांच्या बाजूचे थोडे लिहितो.

आमच्या लोकांना ठेक्याची जमीन तोंडी मिळते. विदर्भात 1958 सालचा कुळवहिवाटीचा कायदा लागू आहे आणि जमीनमालकाला कूळ लागण्याची, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागण्याची, धास्ती असते, म्हणून तो कागदावर काही देत नाही. कागद नाही म्हणून ठेक्याच्या जमिनीवर बँकेचे पीककर्ज मिळत नाही. मग खत, औषध, बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर आणायचे आणि धान विकले की फेडायचे. ही उधारी माणसाच्या शब्दावर चालते. कॅम्पमधले एक घर दुसऱ्यासाठी शब्द टाकते, आणि त्यावर दुकानदार दोन-तीन लाखांचा माल देतो. मालकही पुढच्या वर्षी जमीन कोणाला द्यायची हे घराचे नाव ऐकूनच ठरवतो. तुझ्याबद्दल कोणी काही बोलले तर नान्ना एवढे का बिथरतात, याचे कारण तुला जुनाट वाटत असेल. त्यांच्या हिशेबात मात्र घराचे नाव आणि रोवणीच्या वेळची उधारी एकाच खात्यात आहेत. गावातल्या मूळच्या माणसाच्या मुलीबद्दल चार लोक बोलले तर त्याच्यामागे भाऊबंद असतात, वडिलोपार्जित वाडा असतो, पाटीलकीची ओळख असते. आमच्यामागे यातले काही नसते.

यावरून तुला घरात कोंडून ठेवणे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. नान्नांशी बोलताना मात्र ‘मी तुमचे सगळे कागद करते’ हा हिशेब काढू नकोस. तू त्या माणसाचे बोलणे झेरॉक्सवर नेऊन ठेवलेस, ते तू चांगल्या मनाने केलेस. पण सूर कळायला मराठी वाचता यावी लागत नाही. नान्नांना तेव्हाच समजले असणार, आणि आपल्या मुलीला ते झाकावे लागले हेही समजले असणार. थांब्यावरच्या वहीवरून घरी जे झाले त्यातला काही राग त्या टेबलावरून आलेला होता असा माझा अंदाज आहे.

दुसरे असे, की हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकवणार नाही. कॅम्पमधली किंवा शेजारच्या कॅम्पमधली एखादी मुलगी नागपूरला शिकून आली असेल, तर तिच्या आईला तुझ्या अम्माकडे येऊ दे. आमच्यात अशा गोष्टी पेद्दम्मा-पिन्नम्मांच्या, म्हणजे मावश्या-काकूंच्या, गप्पांतून पुढे सरकतात, आणि पुरुष त्या स्वतःच ठरवल्यासारख्या नंतर जाहीर करतात. वसतिगृहाबद्दल मात्र मी वरच्या मॅडमशी सहमत होऊ शकत नाही. पहिल्या वर्षी नागपुरात ओळखीच्या कुटुंबात सोय होत असेल तर तीच बघावी.

स्पष्टवक्ता

एवढे समजावत बसण्याची गरज मला दिसत नाही. अठरा पूर्ण कर, दाखले ताब्यात घे आणि निघून जा. पुढे सगळे आपोआप मानतात.

मुलचेऱ्याची लेक

वरच्या महाशयांना बाहेर पडल्यावरचा पहिला महिना कसा असतो याची कल्पना दिसत नाही, म्हणून त्यांचे बोलणे बाजूला ठेवते.

मी मुलचेरा तालुक्यातल्या बंगाली वस्तीत वाढले. आमचे आजोबा पूर्व पाकिस्तानातून आले. अशा कुटुंबांना सरकारने तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात जमिनी दिल्या. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला, तोपर्यंत आमची घरे तिथे मुरलेली होती. तरी माझ्या घरी बाबांच्या धाकाची रीत तुझ्यासारखीच होती: संध्याकाळी दिवे लागण्याआधी घरात, दुर्गापूजेतही आईच्या नजरेच्या टप्प्यात, आणि मराठी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचे तर भाऊ सोबत. आणि हो, घरचे कागद माझ्याकडे. आमचा नमशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही, त्यामुळे दाखल्यांसाठी मी किती उंबरे झिजवले ते विचारू नकोस. शेवटी खुल्या वर्गातूनच जीएनएम नर्सिंगला गेले. आता एका ग्रामीण रुग्णालयात नोकरी करते.

डेल्टाकडच्या काकांनी घराच्या नावाचे, उधारीचे लिहिले ते खरे आहे, पण त्यांनी एक गोष्ट सोडली, कदाचित बाप म्हणून ती त्यांना दिसली नसेल. तू गेलीस तर कागद कोण बघणार? हा प्रश्न घरात कोणी तोंडाने विचारत नाही. बाप असे कसे म्हणेल, की मुली, तू नसशील तर मला बँकेत उभे राहता येणार नाही? म्हणून तो जग वाईट आहे असे म्हणतो, नागपूर वाईट आहे असे म्हणतो. तुझ्या नान्नांना तुझ्या चारित्र्याची काळजी असेलच, पण पुढच्या जूनमध्ये पीककर्ज नवे करायला सोबत कोण येईल याचीही आहे, आणि ती दुसरी काळजी तू स्वतःच्या हाताने कमी करू शकतेस.

मी काय केले ते सांगते. आमच्याकडे लोखंडी पेटीत सगळे कागद एका पिशवीत कोंबलेले असायचे आणि कोणता कुठे आहे हे फक्त मला माहीत होते. मी ते वेगवेगळ्या फायलींत लावले आणि एक दोनशे पानी वही केली. एका कामाला एक पान. बँकेचे काम असेल तर कोणत्या खिडकीवर जायचे, सोबत काय न्यायचे, सही कुठे, झेरॉक्स किती, आणि परत येताना कोणती पावती घेतल्याशिवाय उठायचे नाही. ही वही मी बंगालीत लिहिली, कारण बाबांना बंगाली चांगली वाचता येते. सरकारी फॉर्मवरचे मराठी शब्द जसेच्या तसे मोठ्या अक्षरांत उतरवले आणि त्यांच्यासमोर बंगालीत अर्थ दिला. सुरुवातीला बाबांनी त्या वहीला हातही लावला नाही. एकदा मी परीक्षेला गेले असताना त्यांना तहसीलला जावे लागले, तेव्हा वही शर्टाच्या आत खोचून घेऊन गेले, असे मला आईने सांगितले.

तुझी अडचण अशी, की तुला तेलुगू लिहिता येत नाही. तुझ्या अम्माला येते ना? मग तिला लिहायला बसव. तू सांग, ती लिहील. रात्री जेवणे झाल्यावर एक-एक पान करा. तुझ्या हातून घरातले काय काय होते हे तिला त्या निमित्ताने पहिल्यांदा नीट कळेल आणि तुला ते मुद्दाम बोलून दाखवावे लागणार नाही. भावालाही आतापासून सोबत ने. नववीतला मुलगा तलाठ्याकडे उभा राहू शकतो, तूही त्याच वयाची असताना उभी राहिलीस. मुलगा आहे म्हणून त्याला क्रिकेट आणि मुलगी आहे म्हणून तुला सेतू, ही वाटणी कोणी कधी ठरवली नव्हती, ती आपसूक झालेली आहे.

फोनच्या बाबतीत मी इतकी समजूतदार नव्हते, भांडले होते. त्याबद्दल सल्ला देत नाही.

वकील, भंडारा

कायद्याची बाजू थोडक्यात नोंदवतो. 1875 च्या सज्ञानता अधिनियमानुसार अठरा वर्षे पूर्ण झाली की व्यक्ती सज्ञान होते आणि कुठे राहावे, काय शिकावे हे तिचे तिने ठरवायचे असते. अठरा पूर्ण होण्याआधी मुलीचे लग्न लावणे 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. तशी हालचाल दिसली तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या 1098 या क्रमांकावर कळवता येते. अठरानंतरही जबरदस्तीने मिळवलेल्या संमतीचे लग्न न्यायालयात रद्द करून घेता येते.

‘निघून जा’ या सल्ल्याबाबत एवढेच, की 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम 20 प्रमाणे स्वतःचा निर्वाह करू न शकणारी अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही वडिलांकडून निर्वाहखर्च मागू शकते. हा हक्क कागदावर भक्कम आहे, परंतु तो वसूल करायला न्यायालयात वडिलांच्या विरुद्ध उभे राहावे लागते आणि तारखा पडत राहतात. शिक्षणाचे वर्ष त्यासाठी थांबत नाही. या मुलीच्या लिहिण्यात मारहाण, कोंडून ठेवणे किंवा ठरलेले लग्न असे काही दिसत नाही. तसे काही होऊ लागले तर माझे उत्तर वेगळे असेल आणि तिने तेव्हा वाट बघू नये. वाढदिवस प्रवेशाच्या आधी येतो की नंतर, हे मात्र तिने सांगावे.

बांधीवरची

सर्वांचे मनापासून आभार. वकील काका, माझा वाढदिवस ऑगस्टच्या शेवटी येतो, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतील तेव्हा मी सज्ञान नसेन. मारहाण वगैरे काही नाही, लग्नही ठरलेले नाही. मॅडम, आपण म्हणालात तेच निघाले: दाखल्यावर जन्मस्थळ गुंटूर जिल्ह्यातले, मामाचे गाव आहे.

मुलचेऱ्याच्या ताई, वही सुरू केली. अम्माने आधी नकार दिला, लग्नानंतर तिने देवाच्या स्तोत्रांशिवाय काही लिहिलेच नव्हते. मग पीककर्जाचे पान लिहायला घेतले आणि तिने मध्येच पेन ठेवून विचारले, की व्याजाची सवलत मिळवायला मुदतीच्या आत भरावे लागते हे तुझ्या नान्नांना कोणी सांगितले होते? मी म्हटले, मीच सांगते दरवर्षी. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री तिने मला सांगायला लावून आणखी पाने लिहिली. आता उलट झाले आहे, भांडी आवरली की तीच वही काढून बसते. भावाला तलाठी कार्यालयात एकट्याला पाठवले तर तो भलताच फॉर्म घेऊन आला आणि वर मलाच म्हणाला, की तू नीट सांगितले नाहीस. त्याच्यासाठी वेगळी वही करावी लागेल असे वाटते.

डेल्टाकडच्या काकांनी लिहिलेले उधारीचे गणित मला ठाऊक होते, कारण कृषी केंद्राची बिले मीच जोडते. पण माझ्या थांब्यावर उभे राहण्याशी त्याची सांगड मी कधी घातली नव्हती. तरीही काका, एक गोष्ट मला आदराने सांगावीशी वाटते. पत घराची असेल तर ती सांभाळण्याचे ओझे एकट्या मुलीच्या डोक्यावर का? माझा भाऊ रात्री उशिरापर्यंत चौकात असतो, त्याने कृषी केंद्रातली आमची उधारी कधी बंद झालेली मी पाहिली नाही.

कॅम्पमधल्या एका अक्काने नागपूरला बी.फार्म. केले आहे. तिची आई अम्माकडे येऊन गेली. अम्मा आता म्हणते, की वसतिगृह एकदा डोळ्यांनी बघू. नान्नांनी हो म्हटलेले नाही, मामाला विचारू एवढेच ते म्हणतात. फोन अजूनही खिशातच आहे. मला भीती अशी वाटते, की मामाला विचारण्यात सीईटीची तारीख निघून जाईल. या स्थितीत मी त्यांच्याकडे नेमके काय मागावे?

वर्गशिक्षिका

आत्ता फक्त सीईटीच्या नोंदणीचे माग. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हा गट निवड, तो कृषीला चालतो. परीक्षा दिल्याने कोणत्याही महाविद्यालयात जाण्याचे बंधन येत नाही, हे वडिलांना स्पष्ट सांग. गुण आल्यावरही निर्णय त्यांच्यासमोरच होणार आहे. नोंदणीला अधिवास प्रमाणपत्र लागत नाही, ते प्रवेशाच्या फेरीत लागते. पण निकालानंतर सेतूत झुंबड उडते, म्हणून तो अर्ज उन्हाळा लागण्याआधी टाक. त्या अर्जावर वडिलांची सही लागणार आहे, तेव्हा वहीत अधिवासाचेही एक पान असू दे, अम्माच्या हातचे, आणि ते तिनेच त्यांना वाचून दाखवू दे.

कृषी महाविद्यालय महाराजबागेजवळ आहे. रविवारी कार्यालय बंद असते, म्हणून अम्माला घेऊन कामाच्या दिवशी जा. वसतिगृहाच्या अधीक्षकांना भेटल्याशिवाय परतू नका. संध्याकाळी आत येण्याची वेळ, सुटीवर जाताना पालकांची परवानगी कशी घेतात आणि पालक म्हणून कोणाचा फोन नंबर नोंदवतात, हे अम्माने स्वतः विचारू दे. तिची मराठी अडली तर तू बोल, पण प्रश्न तिचा असू दे. वडील आलेच तर त्यांना महाविद्यालयाची शेतीही दाखव.

डेल्टाकडचा

मुलीच्या भावाबद्दलच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, तो बरोबर आहे. मौद्याकडे माझे येणे-जाणे असते. त्या अक्काचे वडील माझ्या परिचयाचे निघू शकतात, कारण आमच्या कॅम्पांमध्ये मुलीला फार्मसीला पाठवणारी घरे हाताच्या बोटांवर मोजता येतात. तसे निघाले तर धानाची चुरणी आटोपल्यावर मी त्यांच्यासोबत तुमच्याकडे येईन, मिरचीच्या भावाचे बोलायला म्हणून. नान्नांना आधी काही सांगू नकोस.